युद्धात पाव कूपनवर होता का? हलच्या एका घरातल्या आठवणी आणि त्यांची पडताळणी

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ साताऱ्याचे, बरीच वर्षं इंग्लंडात आहेत. पत्नी यॉर्कशरमधल्या हल शहरातली. सासूबाईंचा जन्म १९३७चा, त्यांच्या थोरल्या बहिणीचा १९३१चा, धाकट्या भावाचा १९४३चा. तिघंही हयात, तिघांचीही वाणी शाबूत. मुलांसाठी युद्धकाळातल्या घरच्या आठवणी लिहून काढायच्या म्हणून हे बसले, तर तिघांत एकवाक्यता नाही. सासूबाई म्हणतात, पावसुद्धा कूपनवर मिळायचा. मावससासूबाई म्हणतात, साफ खोटं. मावससासूबाई सांगतात की भरल्या सिनेमाघरावर बॉम्ब पडला आणि आतलं एक माणूस मेलं नाही, शिवाय युद्ध संपत आलं असताना रस्त्यावर माणसं मारली गेली. मेहुण्याने जुनी वर्तमानपत्रं धुंडाळली, त्यांत हलचं नावच नाही, म्हणून तो या सगळ्याला गप्पा म्हणतो. मामेसासरे आपण पहिलं केळं सालीसकट खाल्ल्याचं दर नाताळात सांगतात. घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात रेशन बुकं, दोन ओळखपत्रं, एक गॅस मास्क आणि विचित्र खूण असलेलं एक ब्लँकेट. घरातला कुत्रा १९३९ साली 'शेतावर गेला' असं सांगतात आणि तिथेच विषय संपतो. तर कुणाचं खरं मानायचं?

मी उत्तर इंग्लंडातल्या एका लहान दफ्तरखान्यात वीसेक वर्षं हेच काम करते. लोकांच्या घरी जायचं, म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं आणि मग ते कागदपत्रांशी ताडून बघायचं. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

आधी गॅस मास्क. तो मुलांना तोंडाला लावू देऊ नका, तुम्हीही लावू नका. त्या काळच्या मास्कच्या गाळणीत ॲस्बेस्टॉस असायचं आणि ऐंशी वर्षांत ते सुटं होऊन भुगा झालेलं असतं. प्लास्टिकच्या जाड पिशवीत बंद करून ठेवा आणि जवळच्या वस्तुसंग्रहालयाला काय करायचं ते विचारा. दर वर्षी कुणीतरी नातवाला मास्क घालून काढलेला फोटो मला कौतुकाने दाखवतं आणि माझ्या पोटात गोळा येतो.

आता पाव. तुमच्या सासूबाई खोटं बोलत नाहीत आणि मावससासूबाईही नाहीत. युद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये पावावर रेशन कधीच नव्हतं. पांढरा पाव तेवढा १९४२च्या वसंतात बंद झाला आणि त्याच्या जागी करड्या रंगाचा, कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा 'नॅशनल लोफ' आला. तो कुणालाच आवडला नाही, पण हवा तेवढा मिळायचा. पावाचं रेशन सुरू झालं ते २१ जुलै १९४६ला, म्हणजे युरोपातलं युद्ध संपून चौदा महिने उलटल्यावर, आणि चाललं २४ जुलै १९४८पर्यंत. जगभर गव्हाची टंचाई होती, जर्मनीतल्या ब्रिटिश अमलाखालच्या मुलखाला खाऊ घालायचं होतं आणि हिंदुस्थानलाही धान्य हवं होतं.

आता वयं मांडा. युद्ध ऐन भरात होतं तेव्हा सासूबाई चार वर्षांच्या. चार वर्षांच्या पोरीला कुणी दुकानात पाठवत नाही. १९४६ साली त्या नऊ वर्षांच्या होत्या. 'जा गं, पाव घेऊन ये, कूपन हरवू नकोस' हे नऊ वर्षांच्या मुलीलाच सांगतात. मावससासूबाई तोवर पंधराच्या झालेल्या, त्या काळी शाळा चौदाव्या वर्षी सुटायची, म्हणजे त्या बहुधा कामावर जात असतील. पावाची रांग त्यांच्या वाट्याला आलीच नाही. दोन बहिणींचं भांडण पावाचं नाही, सहा वर्षांच्या अंतराचं आहे. पेटीतली रेशन बुकं उघडा. युद्धानंतरच्या बुकांवर साल छापलेलं असतं. १९४६-४७ किंवा ४७-४८चं बुक मिळालं तर त्यात 'बीयू' अशी अक्षरं असलेली कूपनं शोधा, 'ब्रेड युनिट'ची ती. कापून नेलेली असतील तर सासूबाईंच्या हातानेच गेलेली असण्याचा संभव बराच.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांत हाच घोटाळा असतो. स्वयंपाकघरातलं युद्ध १९४५ला संपलं नाही, म्हणून आठवणीतलंही संपत नाही. मुलं तेव्हा वाढत होती, टंचाई तशीच होती, वडील परत आले एवढाच काय तो फरक. देवमाशाचं मांस आणि 'स्नूक' नावाचा डब्यातला मासा यांच्या नावाने लोक आजही नाक मुरडतात आणि 'युद्धात आम्हाला हे खावं लागलं' म्हणतात. स्नूक तर आला युद्धानंतर, १९४७च्या सुमारास. कोट घालून अंथरुणात बसल्याची, घरात कोळसा नसल्याची आठवण निघाली की मी हळूच विचारते, बर्फ किती होता? खिडकीच्या कडेपर्यंत म्हणाले की समजायचं, हा १९४७चा हिवाळा. चहा ऑक्टोबर १९५२मध्ये मोकळा झाला, साखर १९५३मध्ये, आणि मांस सर्वांत शेवटी, ४ जुलै १९५४ला. तोवर तुमच्या सासूबाई सतरा वर्षांच्या झाल्या होत्या. त्यांच्या अख्ख्या बालपणावर कूपनाची कात्री फिरलेली आहे. त्याला त्या 'युद्ध' म्हणतात, तर त्यांचं फारसं चुकत नाही. आपल्याकडेही लाल मिलो नि परदेशी गव्हाच्या सगळ्या आठवणी म्हातारी माणसं बहात्तरच्या दुष्काळाच्या खात्यावर टाकतात, त्यातला निम्मा गहू साठच्या दशकातला असला तरी.

म्हणून माझी पद्धत अशी की म्हाताऱ्या माणसाला सन विचारायचा नाही, वस्तू विचारायच्या. वस्तूंनाच सन असतो. सासूबाई म्हणाल्या, 'आम्ही लोखंडी टेबलाखाली झोपायचो', तर ते मॉरिसन शेल्टर. वर पोलादी पत्रा, चारी बाजूंना जाळी, दिवसा त्यावर जेवायचं आणि रात्री आत शिरायचं. ते वाटायला सुरुवात झाली मार्च १९४१मध्ये, म्हणजे ती रात्र त्याच्या आधीची असूच शकत नाही. 'बागेतल्या खड्ड्यात जायचो' म्हणाल्या तर ते अँडरसन. पन्हळी पत्र्याचं, चार फूट जमिनीत पुरलेलं, वर मातीचा थर. ते युद्धाआधीच, फेब्रुवारी १९३९पासून दिलं जाऊ लागलं होतं. वर्षाला अडीचशे पौंडांहून कमी मिळकत असलेल्यांना फुकट, इतरांना सात पौंडांना. हल हे सखल शहर, जमिनीत पाणी वरच लागतं, त्यामुळे तिथल्या अँडरसनच्या आठवणींत पाणी आलं नाही तरच मला शंका येते. गुडघाभर पाणी, त्यात तरंगणारी फळी, कोपऱ्यातली बादली. ती बादली सकाळी कोण रिकामी करायचं, हे जरूर विचारा. घरात कुणाचं किती चालत होतं ते त्या एका उत्तरात कळतं.

तसंच अंड्याचं. अंड्याची पावडर डब्यातून आली १९४२च्या उन्हाळ्यात. गोळ्या-चॉकलेटवर रेशन आलं २६ जुलै १९४२ला. चर्चच्या घंटा जून १९४०पासून बंद होत्या, कारण घंटा वाजली म्हणजे शत्रू उतरला असा संकेत ठरला होता. नोव्हेंबर १९४२मध्ये इजिप्तमधल्या अल अलामीनच्या लढाईतल्या विजयासाठी त्या पुन्हा वाजल्या. 'मी पहिल्यांदाच घंटा ऐकली आणि घाबरून रडले' असं १९३७-३८ साली जन्मलेल्या बाया सांगतात, ती बहुधा याच दिवसाची आठवण. 'रात्री अकरा वाजता उजेड असायचा आणि आई आम्हाला झोपायला पाठवायची' हे ऐकून हसू नका. १९४१पासून युद्ध संपेपर्यंत उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे असायची. उत्तरेकडे जूनमध्ये खरोखरच तेवढा उशिरापर्यंत उजेड असे.

ब्लँकेटवरच्या खुणेबद्दल. फोडी कापून घेतलेल्या दोन चीजच्या चकत्या आणि शेजारी ४१चा आकडा, असं दिसतंय ना? ती 'सीसी४१', सरकारी ठरीव मापाच्या 'युटिलिटी' मालाची खूण. पण या खुणेवरून वस्तू युद्धातलीच आहे असं म्हणता येत नाही, ही योजना १९५२पर्यंत चालू होती. ते ब्लँकेट सासूबाईंच्या आईच्या रुखवतातलं नसून धाकट्या मुलाच्या शाळेच्या दिवसांतलंही असेल.

आता सिनेमाघर. इथे तुमच्या मेहुण्याला माफी मागावी लागणार आहे. हलमध्ये बेव्हर्ली रोडवर 'नॅशनल पिक्चर थिएटर' होतं. १८ मार्च १९४१च्या रात्री तिथे चॅप्लिनचा, हिटलरची टर उडवणारा सिनेमा चालू होता. हल्ला सुरू झाला म्हणून दीडशेच्या आसपास माणसं पुढच्या दालनात थांबून राहिली. पॅराशूटने सोडलेला सुरुंग इमारतीच्या मागच्या बाजूला पडला, प्रेक्षागृह उद्ध्वस्त झालं, पण पुढचं दालन टिकलं आणि ती सगळी माणसं जिवंत बाहेर आली. त्या रात्री शहरात इतरत्र मात्र बरीच माणसं गेली. त्या थिएटरची दर्शनी भिंत अजून उभी आहे, बॉम्ब पडलेल्या नागरी इमारतींचे असे अवशेष देशात फार थोडे उरलेत. पुढच्या खेपेला मावससासूबाईंना गाडीत घालून तिथे घेऊन जा आणि रेकॉर्डर चालू ठेवा. जागेवर उभं राहिलेलं माणूस सोफ्यावर बसून कधीच आठवणार नाही अशा गोष्टी बोलतं.

युद्ध संपत आलं असतानाचे मृत्यू, तेही खरं. १७ मार्च १९४५ला हलच्या होल्डरनेस रोडवर जर्मन विमानाच्या हल्ल्यात बारा माणसं मेली. वैमानिक असलेल्या शत्रूविमानाने ब्रिटनमध्ये मारलेले हे शेवटचे नागरिक. सात आठवड्यांत लोक रस्त्यात टेबलं मांडून विजयाच्या मेजवान्या झोडत होते. मावससासूबाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या, त्या वयातली आठवण सहसा पक्की असते.

मेहुण्याला वर्तमानपत्रांत काही सापडलं नाही याचं कारण सेन्सॉर. कुठलं शहर नेमकं किती उद्ध्वस्त झालं हे शत्रूला कळू नये म्हणून नाव गाळत. लंडनचं नाव यायचं, कॉव्हेंट्रीचं आलं, हल मात्र 'ईशान्य किनाऱ्यावरचं एक शहर' एवढंच राहिलं. याचा सल हलच्या जुन्या माणसांच्या मनात अजून आहे, आणि तो रास्त आहे. १९४१च्या मे महिन्यातल्या लागोपाठच्या दोन रात्रींत, ७ आणि ८ तारखेला, तिथे चारशेच्या आसपास माणसं मेली. संबंध युद्धात सुमारे बाराशे. शहरातल्या ९२,६६० घरांपैकी धक्का न लागलेली घरं उरली ५,९४५. भोंगे वाजले आठशेहून अधिक वेळा. रात्र पडायच्या आत मुलाबाळांना घेऊन शहराबाहेरच्या शेतांकडे चालत जायचं आणि पहाटे कामावर परतायचं, असं कित्येक कुटुंबांनी केलं. मेहुण्याला सांगा की त्याने शोध 'हल' या शब्दाने घेऊ नये. 'ईशान्य किनारा' आणि तारीख घेऊन बसावं. आणि युद्धात मेलेल्या नागरिकांची नावनिशीवार यादी कॉमनवेल्थच्या युद्धस्मशान आयोगाकडे आहे, तीत जवळपास ६७,००० नावं आहेत, पत्त्यासकट. होल्डरनेस रोडवरची बारा नावं त्याला तिथे वाचता येतील.

घरातल्या आठवणी खऱ्या-खोट्या ठरवताना मला नेहमी एक उलटा अनुभव येतो. जी गोष्ट अशक्य वाटते ती खरी निघते आणि जी सगळ्यांना मान्य असते ती उसनी निघते. 'आम्ही रेडिओभोवती बसून चर्चिलचं ते किनाऱ्यांवर लढण्याचं भाषण ऐकलं' हे मी इतक्या घरांत ऐकलंय! ते भाषण ४ जून १९४०ला पार्लमेंटात झालं, त्या संध्याकाळी रेडिओवर निवेदकाने त्यातले उतारे वाचून दाखवले. चर्चिलच्या आवाजातलं जे ध्वनिमुद्रण सगळ्यांच्या कानात आहे ते १९४९मधलं. तरी मी कुणाला तोंडावर खोडून काढत नाही. वहीत 'नंतर ऐकलेलं' एवढी टीप करून पुढे जाते.

मामेसासऱ्यांचं केळं त्यातलंच. १९४०च्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये केळी येणं बंद झालं आणि पुन्हा सुरू झालं ते १९४५-४६च्या हिवाळ्यात. १९४३ साली जन्मलेल्या पोराने तोवर केळं पाहिलेलंच नसणार, त्यामुळे सालीसकट चावा घेतला हे अगदी शक्य आहे. पण दोन-अडीच वर्षांचं मूल ते स्वतः आठवून सांगेल हे शक्य नाही. ती थोरल्या बहिणींनी सांगून सांगून त्यांच्या डोक्यात बसवलेली गोष्ट आहे. शिवाय ही गोष्ट ब्रिटनमधल्या निम्म्या घरांत सांगतात. त्यांचा नाताळ खराब करू नका. त्यांना गोळ्यांबद्दल विचारा. एप्रिल १९४९मध्ये गोळ्यांवरचं रेशन उठलं, दुकानं रिकामी झाली म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा लागलं आणि कायमचं उठलं ५ फेब्रुवारी १९५३ला. तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. त्या दिवशी खिशात किती पैसे होते हे ते पेनीपर्यंत सांगतील, आणि ते त्यांचं स्वतःचं असेल.

बहिणींचा भावावर काही जुना राग असेल तर त्याचंही कारण पेटीत सापडेल. रेशन बुकांचे रंग बघा. मोठ्यांचं फिकट बदामी, पाच ते सोळा वर्षांच्या मुलांचं निळं, आणि गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया नि पाच वर्षांखालची मुलं यांचं हिरवं. हिरव्या बुकाला दूध आधी, अंडी दुप्पट, दुकानात संत्री आलीच तर पहिला हात त्यांचा. वर कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि बाटलीतला संत्र्याचा रस. १९४३चा मुलगा हिरव्या बुकाचा, बहिणी निळ्याच्या. आई समोर उभी राहून भावाला रस पाजायची आणि या दोघी बघत बसायच्या. असे हिशेब ऐंशी वर्षं टिकतात, मी पाहिलेत.

मोठ्या माणसाला आठवड्याला मिळायचं ते साधारण असं: चहा दोन औंस, म्हणजे छप्पन्न ग्रॅम, लोणी तेवढंच, चीजही बहुधा तेवढंच, साखर पाव किलोच्या आत-बाहेर, बेकन चार औंस, अंडं एक, तेही मिळालं तर. आकडे वरखाली होत राहिले. मांस वजनावर नव्हतं, किमतीवर होतं, म्हणून हुशार बाई स्वस्तातला तुकडा घेऊन जास्त वजन पदरात पाडून घ्यायची. हे सगळं तुम्ही ज्या दुकानात नाव नोंदवलंय तिथूनच घ्यायचं. म्हणजे दुकानदाराशी वाकडं घेऊन चालायचं नाही. 'काउंटरखालून' काय मिळायचं हे विचाराल तेव्हा तिघंही आधी हसतील आणि मग शेजाऱ्यांच्या गोष्टी सांगतील. स्वतःच्या घरच्या कुणी सांगत नाही. कोंबड्या पाळल्या असतील तर अंड्याची नोंदणी सोडून त्याऐवजी कोंबडीचं खाद्य घेता यायचं. मांसाचं कूपन सोडून शाकाहारी म्हणून नोंद केली तर चीज जास्त मिळायचं. हे ऐकून आपल्या मुलांना बरं वाटेल. आणि हेही सांगा त्यांना, की बीबीसीवर सकाळी गृहिणींसाठी 'किचन फ्रंट' नावाचा कार्यक्रम लागायचा, त्यात कोल्हापूरकडच्या वेणू चितळे भाजीपाल्याच्या भारतीय पदार्थांबद्दल बोलल्या होत्या. पुढे त्या तिथल्या मराठी प्रसारणातही होत्या. तुमच्या आजेसासूबाईंनी चुलीशी उभं राहून एखाद्या सकाळी एका मराठी बाईचा आवाज ऐकला असणं अगदीच अशक्य नाही. ऐकलाच असं मात्र लिहू नका.

मासे रेशनवर नव्हते. पण हलच्या मासेमारीच्या बोटी नौदलाने सुरुंग काढायला नेल्या, तेव्हा मासळीच्याच गावात मासळीला रांगा लागल्या. आजेसासरे दर्यावर्दी असतील तर ते बोटीबरोबरच गेले का, आणि परत आल्यावर धाकट्या मुलाने त्यांना ओळखलं का, हे विचारा. तो प्रश्न बहिणींना विचारा, मामेसासऱ्यांना नको.

ओळखपत्रांकडे येते. मला विचाराल तर पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू तीच. २९ सप्टेंबर १९३९ला अख्ख्या देशाची घरोघरी नोंद झाली आणि त्यावरून ओळखपत्रं नि रेशन बुकं दिली गेली. इंग्लंड नि वेल्सपुरतं बोलायचं तर १९३१च्या जनगणनेचे कागद १९४२ साली आगीत गेले, १९४१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे त्या पिढीची घरं बघायला ही नोंदवही हाच एक आधार. ओळखपत्रावर चार अक्षरं असतात, मग घराचा क्रमांक आणि मग घरातल्या माणसाचा क्रमांक. तीच अक्षरं नि आकडे नोंदवहीत शोधले की घर सापडतं. शंभर वर्षांच्या आत जन्मलेल्यांच्या ओळी काळ्या पट्टीखाली झाकलेल्या असतात, पण मोठी माणसं दिसतात. कोण काय काम करायचं हे दिसतं. बायकांचं नाव पुढे लग्नाने बदललं तर तेही तिथेच वर लिहिलेलं असतं. एक सूचना. आईचा क्रमांक दोन, थोरल्या मुलीचा चार, असं काही निघालं तर तीन नंबरचं माणूस कोण, हे आधी एकट्याने शोधा आणि मग घरात विचारा. बहुतेक वेळा भाडेकरू निघतो. नेहमी नाही.

मावससासूबाई त्या तारखेला घरी नसतील हेही ध्यानात असू द्या. १ सप्टेंबर १९३९पासून तीन-चार दिवसांत पंधरा लाखांच्या आसपास माणसं, मुख्यतः शाळकरी मुलं, मोठ्या शहरांतून गावांकडे हलवली गेली, त्यांत हलची मुलंही होती. घरात मूल ठेवून घेणाऱ्याला सरकार पहिल्या मुलाचे आठवड्याला साडेदहा शिलिंग द्यायचं. एकाहून जास्त असली तर दर मुलामागे साडेआठ. त्यातली पुष्कळ मुलं नाताळपर्यंत परत आली, कारण बॉम्ब पडेनात आणि आयांना राहवेना. बॉम्ब त्यानंतर पडले. आठ वर्षांची मुलगी परक्या घरी राहून आली असेल आणि ती त्याबद्दल 'छान होतं, गाई होत्या' एवढंच म्हणत असेल, तर गाईंवरच थोडा वेळ थांबा. नावं विचारा, धार कोण काढायचं विचारा.

ध्वनिमुद्रण करताना दोघी बहिणींना आधी वेगवेगळं बसवा. एकत्र बसल्या की थोरली बोलते आणि धाकटी मान हलवते. नंतर एकदा दोघींना स्वयंपाकघरात बसवा, मोठा कागद द्या आणि जुन्या घराचा नकाशा काढायला सांगा. मोरी कुठे, कोळसा कुठे, कोण कुठे झोपायचं. त्यात त्या भांडतील, ते भांडण सोन्यासारखं असतं. 'तेव्हा तुम्हाला कसं वाटायचं?' हा प्रश्न विचारू नका, त्याला टीव्हीवर ऐकलेलं उत्तर मिळतं. 'सोमवारी काय असायचं?' असं विचारा. सोमवार धुण्याचा वार. तांब्याच्या हंड्यातलं उकळतं पाणी, कपडे पिळायचं लाकडी रुळांचं यंत्र, रविवारच्या मांसाचं उरलंसुरलं थंड जेवण. आणि फेब्रुवारी १९४२पासून साबणही कूपनवर. सोमवार निघाला की घर आपोआप उभं राहतं.

लिहिताना दोघींचं जुळवून एक करू नका. सासूबाईंचं त्यांच्या शब्दांत, मावससासूबाईंचं त्यांच्या शब्दांत आणि खाली तुमची टीप: पावाचं रेशन १९४६ ते ४८. तुमच्या मुलांना पुढे कधीतरी टीपेपेक्षा ते भांडणच जास्त आवडेल.

राहिला कुत्रा. युद्ध जाहीर झालं त्या पहिल्या आठवड्यात एकट्या लंडनमध्ये अंदाजे चार लाख कुत्री-मांजरं मालकांनी स्वतः नेऊन मारून घेतली. जनावरांच्या दवाखान्यांबाहेर रांगा लागल्या होत्या. लंडनबाहेरही हे घडलं. तोवर एकही बॉम्ब पडलेला नव्हता. सरकारी पत्रकात सल्ला होता की जमलं तर जनावर गावाकडे पाठवा, नाही जमलं तर त्याला मारून घेणं हीच खरी दया. 'शेतावर गेला' हे शब्द त्या पत्रकातल्या पहिल्या सल्ल्यातूनच कित्येक घरांत आले असावेत. तुमच्या घरी तो सल्ला पाळला गेला की दुसरा, हे मी इथून सांगू शकत नाही. काही कुत्री खरंच शेतावर गेली होती.

सासूबाई तेव्हा दोन वर्षांच्या, त्यांना काहीच ठाऊक नसणार. मावससासूबाई आठ वर्षांच्या होत्या आणि त्याच आठवड्यात त्यांना स्वतःलाही गावाकडे पाठवलं गेलं असेल. हा प्रश्न रेकॉर्डर लावून विचारू नका, मुलांसमोर तर नकोच. कधी दोघंच असाल, भांडी विसळत असाल, तर कुत्र्याचं नाव काय होतं एवढं विचारा. त्या नाव सांगून थांबल्या तर तुम्हीही थांबा.